गोर्लेबेनचा नकार : अणुकचऱ्याविरुद्ध एका जिल्ह्याची त्रेचाळीस वर्षे

जर्मनीतील अणुकचरा कायमचा कोठे पुरावा, याचा शोध घेण्याचे काम ज्या सरकारी कंपनीकडे आहे, तिने २८ सप्टेंबर २०२० रोजी आपला पहिला अहवाल प्रसिद्ध केला. देशाच्या भूगर्भातील ९० पट्टे पुढील तपासासाठी विचारात घेण्याजोगे आहेत, असे त्यात म्हटले होते. हे पट्टे एकत्र केले तर जर्मनीचा ५४ टक्के भूभाग त्यांत येतो. निम्म्याहून अधिक देश असा विचाराधीन ठरला असताना, सर्वांनी प्रथम ज्या गावाचे नाव शोधले ते मात्र यादीत नव्हते. ते गाव म्हणजे गोर्लेबेन. एल्बे नदीकाठी वसलेल्या, सुमारे सहाशे वस्तीच्या या खेड्याजवळचा भूमिगत मिठाचा साठा अणुकचऱ्यासाठी सोयीचा आहे, असे त्यापूर्वी ४३ वर्षे सांगितले जात होते आणि तितकीच वर्षे तेथील शेतकरी ते नाकारीत होते.

गोर्लेबेन ज्या ल्यूखो-डॅनेनबर्ग जिल्ह्यात आहे, तो लोअर सॅक्सनी राज्याच्या पूर्व टोकाला येतो. या प्रदेशाला वेंडलँड असेही म्हणतात. मध्ययुगात येथे राहणाऱ्या वेंड या स्लाव्ह लोकांवरून हे नाव पडले. मध्ये मोकळे अंगण आणि भोवती वर्तुळाकार घरे अशी येथील जुन्या खेड्यांची रचना आजही पाहावयास मिळते. बटाटा आणि राय यांची शेती, पाइनची जंगले, वाळूमिश्रित जमीन आणि जेमतेम ५० हजार लोकसंख्या. १९९० पूर्वी या जिल्ह्याच्या तिन्ही बाजूंना पूर्व जर्मनी होता. रस्ते काटेरी कुंपणापाशी जाऊन संपत. कारखाने नाहीत, मोठे शहर नाही आणि शिकलेली मुले बाहेर जाणारी. राजकीयदृष्ट्या हा मुलूख सनातनी म्हणावा असाच होता आणि मते बहुतांशी ख्रिस्ती लोकशाही पक्षाला पडत. येथे विरोध होणार नाही, हा अंदाज बांधणाऱ्यांनी तो उगाच बांधला नव्हता.

अणुभट्टीत वापरून झालेले इंधन बाहेर काढले तरी त्यातील किरणोत्सर्ग आणि उष्णता कायम असते. हे इंधन काही वर्षे पाण्याच्या कुंडात थंड करावे लागते. त्यानंतर दोन मार्ग उरतात. एक म्हणजे ते आहे तसेच जाड पोलादी पिंपांत बंद करून ठेवणे. दुसरा, रासायनिक पुनर्प्रक्रिया करून त्यातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढणे आणि मागे उरलेला अतितीव्र किरणोत्सर्गी द्रव काचेत ओतून घट्ट करणे. ट्रॉम्बे आणि तारापूर येथे भारताने हाच दुसरा मार्ग पत्करला आहे. मार्ग कोणताही घेतला तरी शेवटी असे काही उरतेच, की ते माणसापासून आणि पाण्यापासून लाखो वर्षे दूर ठेवले पाहिजे. जर्मन कायद्याने त्यासाठी दहा लाख वर्षांची मुदत धरली आहे.

जर्मन तज्ज्ञांचा कल सुरुवातीपासून मिठाकडे होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे मीठ वरच्या खडकांच्या दाबाने घुमटासारखे वर सरकते. असे घुमट उत्तर जर्मनीत पुष्कळ आहेत. मीठ उष्णता चांगली वाहून नेते, आतून कोरडे असते आणि दाबाखाली हळूहळू सरकून आपल्या भेगा आपणच बुजविते. पिंपे त्यात ठेवली तर कालांतराने मीठच त्यांना वेढून टाकील, अशी ही कल्पना होती. तिच्यात एकच मोठी अडचण आहे व ती कोणत्याही गृहिणीला सांगावी लागत नाही. मीठ पाण्यात विरघळते. त्यामुळे मिठाच्या साठ्याइतकेच त्याच्यावरच्या थरांना महत्त्व येते. भूजल आणि मीठ यांच्यामध्ये चिकणमातीचा जाड, अखंड थर आहे की नाही, हा या साऱ्या वादातील मूळ प्रश्न होता.

२२ फेब्रुवारी १९७७ रोजी लोअर सॅक्सनीचे मुख्यमंत्री एर्न्स्ट अल्ब्रेख्त यांनी गोर्लेबेनची निवड जाहीर केली. (युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन या त्यांच्या कन्या.) योजना केवळ कचरा पुरण्याची नव्हती. सुमारे १२ चौरस किलोमीटर जागेत वर्षाला १,४०० टन इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना, नवे इंधन तयार करण्याचा कारखाना, तात्पुरती साठवण आणि त्याखाली मिठात अंतिम साठवण, असे एक संपूर्ण केंद्र तेथे उभे राहावयाचे होते. त्याआधी याच राज्यातील ज्या तीन जागांची पाहणी सुरू झाली होती, त्यांत गोर्लेबेन नव्हते. त्या जागी लोकांनी विरोध केला म्हणून काम थांबले होते. गोर्लेबेनचे नाव पुढे आले तेव्हा बॉनमधील केंद्र सरकारलाही ते फारसे रुचले नव्हते. सीमा इतकी जवळ असताना असा प्रकल्प नको, असे त्याचे म्हणणे होते.

मग गोर्लेबेनच का? राज्याच्या भूगर्भ खात्यात तेव्हा वरिष्ठ पदावर असलेले गेर्ड ल्यूटिग यांनी पुढे अनेक वर्षांनी सांगितले, की निवडीमागचे कारण भूगर्भशास्त्रीय नव्हतेच. पूर्व जर्मनीने सीमेजवळ मोर्सलेबेन येथे मिठाच्या जुन्या खाणीत आपला कचरा ठेवण्याचे ठरविले होते. त्याला उत्तर म्हणून अल्ब्रेख्त यांना आपलाही कचरा सीमेला लागून ठेवावयाचा होता, असे ल्यूटिग यांचे म्हणणे. वस्ती विरळ, भाग मागासलेला आणि नोकऱ्यांची गरज मोठी, ही कारणेही उघड होती. जागा आधी ठरली आणि ती कोणत्या कसोट्यांवर उतरली पाहिजे हे नंतर ठरत गेले, हे मात्र पुढील सर्व कागदपत्रांतून दिसते. गोर्लेबेनचा पुढील सगळा इतिहास या उलट्या क्रमातून निघाला आहे.

घोषणेनंतर काही आठवड्यांतच हजारो लोक नियोजित जागेवर जमले. जिल्ह्यात नागरिकांची समिती स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी मारियान फ्रिट्झन या पुढे या चळवळीचा चेहरा बनल्या. पोलिसांच्या रांगेसमोर एकट्या उभ्या असलेल्या या बुटक्या बाईंचे छायाचित्र जर्मनीत पुष्कळांच्या परिचयाचे आहे. जंगलाचे सर्वांत मोठे मालक काउंट आंद्रेयास फॉन बेर्नस्टॉर्फ यांच्याकडे जमिनीची मागणी करण्यात आली. त्यांना देऊ केलेली रक्कम सुमारे तीन कोटी मार्क होती. ती त्यांनी नाकारली. शतकानुशतके चालत आलेल्या या उमराव घराण्याचा डाव्या चळवळीशी काही संबंध नव्हता, म्हणूनच या नकाराचे वजन अधिक होते. जर्मन कायद्यानुसार त्यांच्या जमिनीखालील मिठावरही त्यांचा हक्क होता. त्यामुळे घुमटाच्या काही भागात सरकारला शेवटपर्यंत शिरता आले नाही. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अणुकायद्यात दुरुस्ती करून सक्तीच्या संपादनाची वाट मोकळी केली, तेव्हा ती कोणासाठी केली हे सांगण्याची कोणाला गरज पडली नाही.

मार्च १९७९ मध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर बाहेर काढले आणि राजधानी हॅनोव्हरचा रस्ता धरला. ‘अल्ब्रेख्त, आम्ही येतोय’ असे फलक त्यांवर लावलेले होते. हा मोर्चा आठवडाभर चालला. रात्री वाटेवरील गावांत मुक्काम, सकाळी पुन्हा प्रवास. योगायोग असा, की त्याच दिवसांत हॅनोव्हरमध्ये अल्ब्रेख्त यांनीच बोलाविलेली तज्ज्ञांची परिषद भरली होती. तत्त्वज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख फॉन वायत्झेकर तिचे अध्यक्ष होते आणि अनेक देशांतील समर्थक व विरोधक शास्त्रज्ञ समोरासमोर बसले होते. परिषद सुरू झाली त्याच दिवशी, २८ मार्च रोजी, अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत अपघात झाला. ३१ मार्च रोजी साडेतीनशेच्या आसपास ट्रॅक्टर हॅनोव्हरमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांच्या स्वागताला सुमारे एक लाख लोक रस्त्यावर होते.

१६ मे १९७९ रोजी अल्ब्रेख्त यांनी विधिमंडळात सांगितले, की पुनर्प्रक्रिया कारखाना तांत्रिकदृष्ट्या उभारता येण्याजोगा असला तरी राजकीयदृष्ट्या तो अमलात आणता येणार नाही. कारखाना रद्द झाला. तो पुढे बव्हेरियात वाकर्सडोर्फ येथे हलविण्यात आला आणि तेथेही लोकांच्या तीव्र विरोधानंतर व खर्चाचा हिशेब जमेना म्हणून १९८९ मध्ये सोडून देण्यात आला. जर्मनीचे इंधन मग मुख्यतः फ्रान्समधील ला आग येथे पुनर्प्रक्रियेसाठी जाऊ लागले. करारानुसार त्यातून निघालेला कचरा जर्मनीने परत घ्यावयाचा होता. गोर्लेबेनच्या रुळांवर पुढे जे घडले त्याचे मूळ या करारात आहे. गावकऱ्यांनी कारखाना परतवून लावला, पण मिठाच्या घुमटाची पाहणी आणि तात्पुरत्या साठवणीची योजना कायम राहिली. ज्याला विजय म्हटले गेले तो अर्धाच होता.

पाहणीसाठी विंधनविहिरी खोदणे सुरू झाले. त्यांतील १००४ क्रमांकाच्या जागी ३ मे १९८० रोजी काही हजार लोक येऊन बसले आणि त्यांनी तेथे ‘मुक्त वेंडलँड प्रजासत्ताक’ जाहीर केले. लाकूड, माती आणि पेंढा यांची घरे उभी राहिली. सभागृह, प्रार्थनाघर आणि स्वयंपाकघर झाले. नभोवाणी केंद्र चालू झाले. सीमेवर अडसर बसविण्यात आला आणि दहा मार्कांत पारपत्र मिळू लागले. धारकाला हसता येते तोवर ते वैध राहील, अशी त्याची मुदत होती. आजूबाजूचे शेतकरी दूध, भाकरी आणि बटाटे आणून देत. दाढी वाढविलेली शहरी मुले आणि रविवारी चर्चला जाणारी शेतकरी कुटुंबे एकमेकांना प्रथमच जवळून पाहत होती. तरुण समाजवाद्यांचे तत्कालीन अध्यक्ष गेरहार्ड श्रोडर हेही तेथे येऊन गेले. हेच गृहस्थ १९९८ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर झाले. ४ जून १९८० रोजी हजारो पोलिसांनी वेढा घालून वस्ती उठविली. लोक जमिनीवर बसून राहिले, त्यांना उचलून नेण्यात आले आणि बुलडोझरने घरे पाडली. हे प्रजासत्ताक ३३ दिवस टिकले.

रस्त्यावरच्या लढ्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, पण खरी लढाई कागदांवर चालू होती. कील विद्यापीठातील भूगर्भशास्त्रज्ञ क्लाउस डुफोर्न यांना सरकारनेच घुमटावरील थरांचा अभ्यास करण्यास सांगितले होते. त्यांना आढळले, की हिमयुगात बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याने या जागी खोल दरी कोरली होती आणि पुढे ती वाळू-गोट्यांनी भरून निघाली. ‘गोर्लेबेनची चर’ या नावाने ती ओळखली जाते. या चरीत चिकणमातीचा रक्षक थर जागोजागी नाहीसा झालेला आहे आणि भूजल थेट मिठाच्या माथ्यापर्यंत पोहोचते. इतर जागाही पाहाव्यात, असे डुफोर्न यांनी सुचविले. १९८३ मध्ये या कामाची जबाबदारी असलेल्या केंद्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनीही आपल्या अहवालाच्या मसुद्यात हीच शिफारस केली. मे महिन्यात हॅनोव्हर येथे झालेल्या बैठकीत मंत्रालयांच्या अधिकाऱ्यांनी ती वगळावयास सांगितले, अशी साक्ष त्या तज्ज्ञांचे प्रमुख हेल्मुट रोटेमायर यांनी पुढे दिली. अंतिम अहवालातून ती शिफारस गेली आणि जुलै १९८३ मध्ये हेल्मुट कोल यांच्या सरकारने जमिनीखाली उतरण्यास परवानगी दिली.

हे प्रकरण पुढे संसदेच्या चौकशी समितीसमोर आले. २०१० ते २०१३ अशी तीन वर्षे समितीने साक्षी घेतल्या आणि अखेर ती पक्षांनुसार दुभंगली. सत्ताधाऱ्यांच्या बहुमताने काहीही गैर झाले नाही असे म्हटले. विरोधकांनी नेमके उलट म्हटले. कागद मात्र सर्वांसमोर आले. दुसरी जागा पाहिलीच नाही, तर पहिली चांगली की वाईट हे कशावरून ठरवावयाचे, हा गावकऱ्यांचा साधा प्रश्न तीस वर्षांपूर्वी सरकारी तज्ज्ञांनीही विचारला होता, हे त्यांतून उघड झाले.

दोन विवरे खोदण्यात आली. एक ९३३ मीटर खोल, दुसरे ८४० मीटर. १२ मे १९८७ रोजी पहिल्या विवरात पोलादी कडे कोसळून एका खाणकामगाराचा मृत्यू झाला व अनेक जखमी झाले. १९९६ मध्ये ८४० मीटर खोलीवर दोन्ही विवरे बोगद्याने जोडली गेली. या सर्व कामाला सुमारे १६० कोटी युरो खर्च आला. हा आकडा विरोधकांच्या विशेष काळजीचा होता. ज्या खड्ड्यात एवढा पैसा गेला आहे, तो खड्डा अयोग्य असल्याचे सांगण्याचे धैर्य कोण दाखविणार?

पैशाची दुसरी बाजू गावातच होती आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. सगळे गोर्लेबेन विरोधात नव्हते. केंद्र सरकारने राज्याला व जिल्ह्याला भरपाईपोटी मोठ्या रकमा दिल्या. साठवण चालविणाऱ्या कंपनीकडून गोर्लेबेन ग्रामपंचायतीला दरवर्षी पैसे मिळत आणि स्थानिक पंचायतींनी बराच काळ प्रकल्पाला पाठिंबाच दिला. ज्या भागात कामे नव्हती तेथे खाणीत आणि साठवणीत पगाराची नोकरी मिळाली. ती घेणाऱ्याला शेजारी गद्दार म्हणत, तर मोर्चाला जाणाऱ्याला विकासाचा शत्रू म्हटले जाई. एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना, अशी उदाहरणे या जिल्ह्यात सांगितली जातात. धरण किंवा वीजप्रकल्प आलेल्या आपल्याकडील कोणत्याही गावाला हे नवे वाटू नये.

तात्पुरत्या साठवणीची इमारत १९८३ मध्येच बांधून झाली होती. न्यायालयीन अडथळे ओलांडून तेथे पहिले पिंप २५ एप्रिल १९९५ रोजी आले. कॅस्टर या नावाने ओळखली जाणारी ही पिंपे शंभर टनांहून अधिक वजनाची असतात. रेल्वेने डॅनेनबर्गपर्यंत, तेथे क्रेनने ट्रेलरवर आणि शेवटचे सुमारे २० किलोमीटर रस्त्याने, असा त्यांचा प्रवास. गाडी निघण्याचा दिवस आधी जाहीर होत नसे, म्हणून आंदोलकांनी त्याला ‘दिवस एक्स’ म्हटले आणि शेताच्या बांधावर, अंगणात, फाटकावर पिवळ्या रंगाची लाकडी फुली उभी केली. ती वेंडलँडची खूण झाली.

मार्च १९९७ मध्ये सहा पिंपांच्या गाडीसाठी देशभरातून सुमारे ३० हजार पोलीस तैनात करावे लागले. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने तोवर एवढा मोठा बंदोबस्त पाहिला नव्हता. १९९८ मध्ये पिंपांच्या बाह्य पृष्ठभागावर किरणोत्सर्गी कण असल्याचे आणि कंपन्यांना ते बराच काळ ठाऊक असल्याचे बाहेर आले, तेव्हा तत्कालीन पर्यावरणमंत्री अँगेला मेर्केल यांना वाहतूक थांबवावी लागली. ती २००१ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या मार्चमध्ये काही कार्यकर्त्यांनी रुळांखाली काँक्रीटच्या ठोकळ्यात आपले हात अडकवून घेतले आणि गाडीला मागे फिरावे लागले. शेतकऱ्यांनी रस्त्यावर काँक्रीटचे पिरॅमिड ठेवून त्यांना स्वतःला बांधून घेतले. २०१० मध्ये शेळ्या-मेंढ्यांचा मोठा कळप वाहतुकीच्या मार्गावर सोडण्यात आला. दगडफेक आणि जाळपोळीच्या घटनाही झाल्या, पण आंदोलनाचा मोठा भाग थंडीत रुळांवर बसून राहणाऱ्या माणसांचा होता. ७ नोव्हेंबर २००४ रोजी फ्रान्सच्या हद्दीत अशाच एका गाडीखाली एका तरुण फ्रेंच आंदोलकाचा मृत्यू झाला. त्या घटनेची छाया पुढील प्रत्येक वर्षावर राहिली. शेवटची गाडी नोव्हेंबर २०११ मध्ये आली. ला आग ते गोर्लेबेन या प्रवासाला तिला पाच दिवसांहून अधिक वेळ लागला.

सोळा वर्षांत अशा तेरा फेऱ्या झाल्या व ११३ पिंपे आली. एकही गाडी कायमची अडविता आली नाही. मात्र प्रत्येक फेरी इतकी महाग आणि इतकी त्रासाची झाली, की हा प्रश्न कोणत्याही सरकारला विसरता आला नाही. समाजवादी आणि हरित पक्षांच्या सरकारने २००० मध्ये वीज कंपन्यांशी करार करून खाणीतील काम दहा वर्षांपर्यंत स्थगित केले. अणुभट्ट्या चालू ठेवण्याची मुभाही त्याच करारात होती. ती मान्य नसल्याने मारियान फ्रिट्झन यांनी हरित पक्ष सोडला. २०१० मध्ये मेर्केल सरकारने खाणीतील काम पुन्हा सुरू केले.

दरम्यान, मिठावरचा विश्वास दुसऱ्याच ठिकाणी ढासळला होता. लोअर सॅक्सनीतच असे नावाची एक जुनी मिठाची खाण आहे. संशोधनाच्या नावाखाली १९६७ ते १९७८ या काळात तेथे कमी व मध्यम किरणोत्सर्गी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपे ठेवण्यात आली. मीठ सुरक्षित असते, याचा दाखला म्हणून तिचे नाव घेतले जाई. १९८८ पासून या खाणीत बाहेरून पाणी शिरत आहे. दिवसाला सुमारे १२ घनमीटर. २००८ मध्ये तेथील किरणोत्सर्गी खाऱ्या पाण्याची बातमी फुटली आणि देश हादरला. आता ती सर्व पिंपे पुन्हा वर काढावयाची, असा कायदा २०१३ मध्ये झाला आहे. असे आणि गोर्लेबेन यांची भूरचना सारखी नाही, हे खरे. पण ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवा’ या वाक्याची किंमत त्यानंतर वेंडलँडमध्ये फारशी उरली नाही.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला आणि मेर्केल यांनी अणुऊर्जेतून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. अणुऊर्जेचे भवितव्यच संपल्यावर कचऱ्याच्या प्रश्नावर पक्षांना एकत्र बसणे सोपे झाले. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये नुकतेच निवडून आलेले हरित पक्षाचे मुख्यमंत्री विन्फ्रीड क्रेट्शमान यांनी आपल्या राज्यातही जागा शोधण्याची तयारी दाखविली. इतर राज्यांनी जे कधी उच्चारले नव्हते ते त्यांनी उच्चारले. २०१३ मध्ये जागा निवडीचा नवा कायदा झाला व २०१७ मध्ये तो सुधारण्यात आला. नकाशा कोरा धरावयाचा, कसोट्या आधी ठरवावयाच्या आणि मग मीठ, चिकणमाती व ग्रॅनाइट असे सर्व खडक त्यांवर घासून पाहावयाचे, असे त्यात ठरले. गोर्लेबेनला आधीच वगळण्यात आले नाही. ते यादीत ठेवल्याने वेंडलँडमध्ये संशय होता. जुनेच नाव नव्या वाटेने परत येणार, असे अनेकांना वाटे.

ते आले नाही. २०२० च्या अहवालात गोर्लेबेनचा घुमट बाद ठरला. घुमटावरील थर पुरेसे रक्षण करणारे नाहीत, हे त्याचे मुख्य कारण होते. त्याखेरीज भूजलाच्या रासायनिक गुणधर्मांच्या कसोटीवरही तो कमी पडला. डुफोर्न यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस दाखविलेली बाब मूलतः हीच होती. बव्हेरिया सरकारने या निष्कर्षावर टीका केली व त्यामागे राजकारण असल्याचे सूचित केले. बव्हेरियाच्या भूमीचा मोठा भाग यादीत आला होता, हे लक्षात घेतले तर ही टीका समजू शकते.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी खाण कायमची बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. खोदून वर काढलेल्या मिठाचा सुमारे चार लाख टनांचा ढीग इतकी वर्षे जंगलाच्या कडेला उभा होता. तेच मीठ पुन्हा खाली टाकून विवरे बुजविण्याचे काम नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाले. १९८९ पासून या खाणीजवळच्या जंगलात लाकडी क्रुसांपाशी दर रविवारी दुपारी प्रार्थना भरत आली. पाऊस असो की बर्फ, कधी शेकडो माणसे तर कधी अगदी चार-दोन, पण तिच्यात खंड पडू दिला गेला नाही, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात.

खाणीपासून थोड्याच अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे, साठवणीची इमारत आहे. ती ४२० पिंपांसाठी बांधलेली असून तीत ११३ पिंपे उभी आहेत. १०८ पिंपांत ला आगहून आलेला काचेतील कचरा आहे, तर पाचांत वापरलेले इंधन. आतील उष्णतेने तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून थंड हवा आत येते. दुसरी शीतयंत्रणा तेथे नाही. शेजारी पिंपे उघडून कचरा नव्याने बांधण्यासाठी एक कारखाना उभारण्यात आला होता. तो कधी वापरलाच गेला नाही. जर्मनीतील शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ रोजी बंद झाल्या. देशात सर्व मिळून अशी सुमारे १,९०० पिंपे भरतील एवढा अतितीव्र कचरा जमा झाला असून, तो आज निरनिराळ्या तात्पुरत्या साठवणींत विखुरलेला आहे.

अंतिम जागा २०३१ पर्यंत ठरविण्याचे उद्दिष्ट कायद्यात लिहिलेले आहे. ते पाळता येणार नाही व २०४६ ते २०६८ या दरम्यान जागा ठरू शकेल, असे शोध घेणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये सांगितले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०७४ हे वर्ष दिले. जागा ठरल्यावर खाण खोदावयाची, परवाने घ्यावयाचे आणि मगच पहिले पिंप खाली जावयाचे. गोर्लेबेनच्या इमारतीचा परवाना २०३४ च्या अखेरीस संपतो. १९७९ मध्ये ट्रॅक्टरवर बसून हॅनोव्हरला गेलेल्यांपैकी अनेकजण आज हयात नाहीत. मारियान फ्रिट्झनही २०१६ मध्ये वारल्या. मिठाच्या घुमटात काही पुरले जाणार नाही, हे आता नक्की झाले आहे. जमिनीवरची ११३ पिंपे कोणत्या गावाला जातील हे ठरलेले नाही, आणि यादीतील ९० पट्ट्यांत खेडी पुष्कळ आहेत.